चौदाव्या पानावरची होडी

१

चौदावं पान नाहीसं झालं होतं, आणि त्याच्या जागी कुणीतरी एक सुपारी ठेवून गेलं होतं.

राजापूरच्या बाजारपेठेतल्या सखाराम पांगरकरांच्या छापखान्यात ही गोष्ट सकाळी साडेआठला उघडकीस आली. नऊ वाजेपर्यंत सखारामभाऊंनी तीनदा कपाळाला हात लावला, दोनदा चहा मागवला आणि एकदाही तो प्यायले नाहीत. शिमगा अकरा दिवसांवर आला होता. दुसऱ्या दिवशी सगळी पानं छपाईचे ब्लॉक करायला एसटीच्या पार्सलने कोल्हापूरला जायची होती. तिथून ब्लॉक येणार, मग छपाई, मग मुंबईहून उतरणाऱ्या चाकरमान्यांच्या हातात स्टँडवर गरम गरम पुस्तक, असा भाऊंचा बेत होता. तो आता दोरीवर लटकत होता, म्हणजे अक्षरशः दोरीवर. शाई वाळावी म्हणून चिमट्यांनी टांगलेल्या पानांत तेरावं होतं, पंधरावं होतं, आणि मधला चिमटा मोकळा होता. खाली टेबलावर ती सबंध सुपारी.

सखारामभाऊंना जुन्या खटल्यांचं वेड. कोर्टाचे निकाल मिळवायचे, त्यातला खरा गुन्हा निवडायचा आणि तो चित्रांतून सांगायचा, असली दोन पुस्तकं त्यांनी काढली होती. मजकूर भाऊंचा, चित्रं निवृत्त ड्रॉइंग मास्तर आत्माराम यांची, आणि पात्रांच्या तोंडाशी काढलेल्या फुग्यांत अक्षर विमलाचं. विमला मूळची खेडची. नवरा एसटीत, त्याची बदली झाली तशी ती राजापुरात आली. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि सवय वाईट होती. रिकाम्या जागा पाहायचे पैसे मिळत असल्यामुळे, इतरांना जे दिसत नाही तेच तिला आधी दिसायचं.

यंदाचा खटला होता तळेवाडीच्या मुखवट्याचा. तळेवाडी म्हणजे नाटे गावाच्या अलीकडची, खाडीकाठची वाडी. १ मार्च १९३४, होळीचा दिवस. सगळे पुरुष होळीचं झाड आणायला रानात गेलेले. परत येऊन पाहतात तर देवळातल्या पेटीतून देवीचा रुप्याचा मुखवटा गायब, आणि कुलूप शाबूत. खोताचा गडी भागोजी याला धरलं. खोताच्या घरातली पेटीची किल्ली त्याने लांबवली असं ठरलं. खोताच्या कारकुनाने रत्नागिरीच्या कोर्टात साक्ष दिली, की सायंकाळी साडेपाचला देवळाखालच्या पायऱ्यांवरून भागोजी गाठोडं घेऊन होडीत बसला आणि खाडीपार गेला. मुखवटा कधीच सापडला नाही. भागोजी तुरुंगात गेला आणि तिथेच वारला.

त्याची मुलगी हौसा तेव्हा नऊ वर्षांची होती. आता एकोणसाठ. पन्नास वर्षं शिमग्याला तळेवाडीच्या देवीची पालखी घरोघर जाते आणि तिच्या अंगणासमोरून न थांबता पुढे निघते. ती मात्र दर शिमग्याला अंगण सारवून रांगोळी घालते. लोक म्हणायचे, काय हट्टी बाई आहे.

"काल कोण कोण आलं होतं?" विमलाने विचारलं.

मशिनवरचा धोंडू, काजूचे व्यापारी दादूशेट आणि तीच हौसा, असं भाऊंनी बोटांवर मोजलं आणि छत्री उचलली. त्यांना पोलिसात जायचं होतं. विमला दारात आडवी उभी राहिली. पोलीस पहिलं नाव कुणाचं घेतील हे सांगायला ज्योतिषी नको होता. पन्नास वर्षांनी त्याच घरावर दुसरी चोरी चढली असती, आणि या वेळी ती पुसायला कुणी उरलं नसतं.

"मला आजचा दिवस द्या, भाऊ," ती म्हणाली.

२

धोंडूला धरलं तर गुन्हा आयता शाबीत होत होता. छापखान्याची किल्ली त्याच्याकडे, आणि या पुस्तकापायी त्याची शिमग्याची रजा नामंजूर झालेली. शिमग्याला रजा न मिळालेला कोकणी माणूस काय करील याचा नेम नसतो. धोंडूने ते लपवलंही नाही. पान गेलं म्हणजे पुस्तक राहिलं, आणि पुस्तक राहिलं म्हणजे रजा मिळाली, हे त्याने हिशेब मांडल्यासारखं स्वतःच सांगितलं आणि भाऊंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

विमलाने त्याचे हात पाहिले. मशिनची शाई नखांत, रेघांत, कोपरापर्यंत मुरलेली. मग तिने मोकळा चिमटा पाहिला आणि शेजारची दोन्ही पानं पाहिली. पांढऱ्याशुभ्र कागदांवर एकही ठसा नव्हता. धोंडूने नुसता चहाचा कप धरला तरी कपाला मिशा फुटायच्या. तिने त्याला कामाला जायला सांगितलं.

दादूशेट दुकानातच सापडले. काजूच्या पोत्यांमध्ये बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. सुपारी म्हटल्यावर बाजारात त्यांचंच नाव आलं असतं, पण त्यांच्या चंचीत सगळी खांडं. सबंध सुपारी आपण कशाला बाळगू, असं त्यांनी उलट विचारलं. काल तीन वाजता छापखान्यात कशाला गेला होता, यावर मात्र त्यांचा अडकित्ता थांबला.

साक्ष देणारा खोताचा कारकून हा दादूशेटांचा आजोबा. माणूस घाटावरून आलेला, पुढे इथलाच झाला. त्याचं नाव छापायचंच असेल तर छापा, पण शिमगा होऊ द्या, एवढी विनंती करायला ते गेले होते. आजोबांनी खरं तेच सांगितलं असेल, तर त्यांचं नाव आल्याने बिघडतं काय, असं विमलाने साधेपणाने विचारलं.

"बिघडत काय नाय हो, ताई. पण आजोबा त्या दिवशी..."

पुढचं वाक्य त्यांनी सुपारीबरोबर गिळलं. मग गिऱ्हाईक आलं म्हणून ते उठले. गिऱ्हाईक काही आलं नव्हतं.

३

बाराला आत्माराम मास्तर आले. माणूस कऱ्हाडकडचा, अंगाने काटकुळा आणि कामात इतका चोख, की चित्रातल्या दारालाही बिजागऱ्या मोजून लावायचा. पान गेल्याचं ऐकून त्यांनी स्टूल ओढलं. मग कालचं सगळं सांगू लागले.

दादूशेट तीनला आले नि गेले. हौसाकाकी साडेचारला आली. बापाचा चेहरा बरोबर उतरला आहे का, एवढंच तिला पाहायचं होतं. मास्तरांनी तिला सोळाही पानं दाखवली, आणि तिला वाचता येत नसल्यामुळे मजकूर वाचून दाखवला. चौदावं पानसुद्धा दाखवलं. साक्षीचा भाग आला तेव्हा तिने एकच विचारलं, "कुटल्या पायऱ्या?" देवळाखालच्या, मी स्वतः तिथे बसून चित्र काढलंय, असं मास्तर म्हणाले. मग ते तिच्यासाठी चहा सांगायला गेले. परत येतात तर म्हातारी निघून गेलेली. पानं मोजायचं त्यांना सुचलं नाही.

"म्हणजे तिनंच नेलं," भाऊ म्हणाले. "बापाची बदनामी बघवली नसेल."

दादूशेट गेल्यावरही पान जागेवर होतं, धोंडूचा हात लागलेला नव्हता. उरली हौसा. इथपर्यंत भाऊंचं बरोबर होतं. पण विमलाच्या मनात पाल चुकचुकत होती. पंधराव्या पानावर भागोजीच्या हातात बेड्या होत्या, चेहरा पानभर, डोळे खाली. लाजेने न्यायचं तर ते न्यायला हवं. ते तर चिमट्यात तसंच होतं. चौदाव्यावर भागोजी अंगठ्याएवढा, लांबून पाहिलेला. हौसाने बाप नेला नव्हता. त्या पानावरचं दुसरं काहीतरी नेलं होतं.

सुपारीचं कोडं धोंडूने सोडवलं, तेही मशिन न थांबवता. न विचारता कुणाची वस्तू न्यायची वेळ आली तर त्याच्याकडच्या वाड्यांत जागेवर सबंध सुपारी ठेवतात. परत आणून देणार असा तो शब्द, देवाला साक्षी ठेवून दिलेला.

"हे सकाळीच का नाही सांगितलंस?" भाऊ ओरडले.

"मला कुनी विचारलंन?" धोंडू म्हणाला.

विमलाने मास्तरांकडे कच्च्या चित्रांची वही मागितली. चौदाव्या पानाचं मूळ रेखाटन त्यात होतं. दगडी पायऱ्या, खाली चिखल, चिखलात एका कुशीवर कललेली होडी, दूरवर पाण्याची बारीक रेघ. कोपऱ्यात मास्तरांनी नेहमीप्रमाणे वेळ टिपली होती, माघी पौर्णिमा, सायंकाळी साडेपाच. पौर्णिमाच का, असं तिने विचारलं. होळी पौर्णिमेची, तर उजेड पौर्णिमेचाच हवा, असं मास्तरांचं उत्तर. होडी अशी कललेली का, हे त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं. दिसली तशी काढली. भाऊंनीही विचारलं नव्हतं, कारण समुद्राशी त्यांचा संबंध मासळीबाजारापुरता.

आणि भागोजी? तो होडीच्या कडेला हात लावून उभा होता, त्याच्या तोंडाशी फुगा नव्हता. विमलाने पुढची-मागची पानं चाळली. खोत बोलत होता, फौजदार बोलत होता, कारकून तर दोन पानं बोलत होता. सोळा पानांत भागोजीला एकही फुगा नव्हता. निकालात त्याचं एक वाक्यही नव्हतं, म्हणून भाऊंनी लिहिलं नव्हतं. तिला एकदम वाईट वाटलं. आपण इतकी अक्षरं काढली आणि हा माणूस मुका आहे हे आपल्याही लक्षात आलं नाही, असं तिच्या मनात आलं. वही पिशवीत घालून तिने पाऊण वाजताची नाट्याची गाडी धरली.

४

शेजारी मासळीची रिकामी पाटी मांडीवर घेऊन एक बाई बसली होती. तळेवाडीची हौसा घरी भेटेल का, असं विमलाने तिला विचारलं. हौसा खाडीच्या चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढून विकते एवढं तिला मास्तरांकडून कळलं होतं.

"गावंल की. आज चौथ. तीनला भरती. पान्यात बसून तिसऱ्या काडनार हाय काय ती?"

घड्याळ नाही, कागद नाही, आणि बाई भरतीची वेळ सांगत होती. विमलाने कुतूहलाने विचारलं, तर बाईने बोटं पुढे केली. तिथीची पाऊणकी म्हणायची, म्हणजे तिथीच्या आकड्याची पाऊणपट. चार पाऊण तीन. आठ पाऊण सहा. जो आकडा येईल त्या वाजता भरती, आणि तिथून सहा तासांनी सुकं, म्हणजे ओहोटी.

पाऊणकी! शाळेत गुरुजींनी याच पाढ्यापायी विमलाच्या तळहातावर छड्या मोडल्या होत्या. खेडला जगबुडी नदीचं पाणी नेमाने एकाच बाजूला वाहायचं, त्यामुळे तिला हा पाढा जगात कुणाच्या उपयोगाचा असेल असं कधी वाटलं नव्हतं. ती मनातल्या मनात पुढे म्हणत गेली. बारा पाऊण नऊ. चौदा पाऊण साडेदहा. पंधरा पाऊण सव्वाअकरा.

पंधरावी तिथी म्हणजे पौर्णिमा. सव्वाअकराला भरती, म्हणजे सव्वापाचला ओहोटी, आणि पौर्णिमेची ओहोटी म्हणजे सगळ्यांत मोठी, असं बाईनेच सांगितलं. विमलाने वही बाहेर काढली. कललेली होडी, चिखल, साडेपाच. मग कोर्टातली साक्ष आठवली. होळीचा दिवस, साडेपाच, होडीत बसून खाडीपार.

तिने वही बाईपुढे धरली आणि विचारलं, की पुनवेला या वेळी इथून होडी निघेल का.

बाईने चित्राकडे पाहिलं, मग विमलाकडे पाहिलं. "शिकलेली दिसतंस," ती दयेने म्हणाली, "आनि येवडं समजत नाय?"

५

हौसाकाकीच्या घरात पान देव्हाऱ्याशेजारी भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्याच्यापुढे निरांजन होतं. हौसाकाकी विमलाला पाहून दचकली, मग पदर सावरून सरळ उभी राहिली.

"सुपारी ठेवलीय मी. चोरलंय नाय."

"माहीत आहे, काकी. म्हणूनच एकटी आलेय."

मग दोघी पायऱ्यांवर गेल्या. तीन वाजायला आले होते, आणि पाणी तिसऱ्या पायरीला लागलं होतं. चार पाऊण तीन. हिशेब डोळ्यांसमोर ओला होऊन हलत होता.

हौसाकाकीने हळूहळू मन मोकळं केलं. खटला पावसाळ्यात रत्नागिरीला चालला. खोताने आपली माणसं तेवढी नेली. कोर्टात कोण काय बोललं हे या घराला कुणी सांगितलं नाही. साक्षीदाराने पाहिलं, एवढंच पन्नास वर्षं कानावर आलं. होडीचं आणि वेळेचं तिने काल पहिल्यांदा ऐकलं, तेही मास्तरांच्या तोंडून, चित्र डोळ्यांपुढे असताना. पुनवेच्या सांजेला त्याच पायऱ्यांखाली ती जन्मभर चिखलात बसून तिसऱ्या काढत आली होती. तिचा बाप रानाकडच्या गावातून आलेला गडी. त्याला भरती-ओहोटीचा हिशेब येत नव्हता, म्हणून कोर्टात त्याला बोलता आलं नाही. आणि साक्षीदारही घाटावरचा, म्हणून खोटं बोलतानाही त्याला पाणी कुठे असतं ते कळलं नाही.

पान गावकऱ्यांना दाखवायचं म्हणून तिने आणलं होतं. पण देवळाच्या पायरीपर्यंत जाऊन ती परत आली. चोराची पोर काय बोलणार, असंच लोक म्हणतील, ही धास्ती.

"मी येते तुमच्याबरोबर," विमला म्हणाली. "निकाल मी वाचीन. चित्र तुम्ही धरा."

मग तिने मनातलं विचारलं. बापाला नेलं तेव्हा तो काय बोलला होता?

हौसाकाकी पाण्याकडे बघत सांगू लागली. धूळवडीच्या सकाळी त्याला नेलं, पालखी घरोघर निघायच्या आधी. शिपायाने दंडाला धरलं होतं. जाताना तो पोरीकडे वळला.

"म्हनाला, आंगान सारवून ठेव गो, पालखी येल."

पन्नास वर्षं ज्याला लोक हट्ट म्हणत होते, तो एका नऊ वर्षांच्या पोरीने पाळलेला शब्द होता.

६

रविवारी देवळात गावकरी बसले. सखारामभाऊ आले, मास्तर आले. आणि कुणी बोलावलं नसताना दादूशेटही येऊन खांबाला टेकून उभे राहिले.

विमलाने निकालातली साक्ष वाचली, साडेपाच या शब्दावर किंचित थांबून. हौसाकाकीने पान उंच धरलं. मग पुढे बसलेला एक म्हातारा खलाशी चष्मा वर करून चित्राजवळ गेला.

"पुनवेला साडेपाचला? होडी काय खांद्यावर घेऊन गेला?"

दोघेतिघे हसले, आणि हसता हसता गप्प झाले. देऊळभर माणसं बोटांवर मोजत होती. प्रत्येकाला हा हिशेब चालता येऊ लागल्यापासून ठाऊक होता. तो करायची वेळ मात्र कुणी आणली नव्हती.

मग विमलाने उरलेलं सांगितलं. होडी गेली नाही, म्हणजे साक्ष खोटी. साक्षीदार खोताचा माणूस. पेटीचं कुलूप फुटलं नव्हतं, आणि किल्ली खोताच्या घरची. भागोजीने ती लांबवली हे सांगणाराही खोतच. साक्ष काढून घेतली तर हातात एवढीच किल्ली उरते. खोताच्या घरातलं कुणी आता गावात नाही, त्यामुळे मुखवट्याचं काय झालं हे आपण शपथेवर सांगू शकत नाही, असंही ती स्पष्ट बोलली. पण भागोजीला ज्या शब्दावर नेलं, तो शब्द चिखलात रुतलेला आहे.

"चित्रकाराची चूकही असेल," मागून कुणीतरी म्हणालं. तेव्हा दादूशेट खांबापासून सुटले.

"चूक नाय. आजोबा त्या दिवशी तळेवाडीत नव्हतेच. राजापुरात होते, रात्रीच्या वस्तीला. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक हाय. आजी मरताना मला बोलली. मी बोललो नाय इतकी वर्षं. आता बोलतोय." ते हौसाकाकीपुढे वाकले. तिने त्यांना वाकू दिलं, मग हाताने उठवलं.

पुढचं सगळं धावपळीचं. भाऊंनी शेवटची दोन पानं नव्याने लिहिली, मास्तरांनी ती एका दिवसात काढली, धोंडू सलग मशिनवर उभा राहिला आणि काम संपताच रजेचा अर्ज न देताच गावी पळाला. चौदावं पान परत आलं तेव्हा विमलाने ती सुपारी हौसाकाकीच्या हातावर ठेवली.

धूळवडीच्या दुसऱ्या दिवशी तळेवाडीची पालखी निघाली. विमला अंगणाच्या कडेला उभी होती. शेणाने सारवलेलं अंगण, ठसठशीत रांगोळी, दारात हौसाकाकी नव्या लुगड्यात, आणि तिच्या चेहऱ्यावर नवीन असं काही नव्हतं. ती दर वर्षी अशीच उभी राहत असणार. ढोल जवळ आले. पालखी वळणावर आली, क्षणभर झुलली, आणि वळली. भोयांनी ती रांगोळीच्या मधोमध टेकवली.

हौसाकाकीने ओटी भरली. तांदूळ, नारळ, आणि वर ती सुपारी.

नंतर, माणसं पुढच्या घराकडे निघाल्यावर, तिने विमलाजवळ पुस्तक मागितलं. शेवटचं पान उघडलं. बेड्या घातलेला भागोजी पोरीकडे वळून पाहत होता, आणि त्याच्या तोंडाशी एक फुगा होता, पुस्तकातला त्याचा एकुलता एक. विमलाने त्या पाच-सहा शब्दांना सबंध एक संध्याकाळ घेतली होती. हौसाकाकीला वाचता येत नव्हतं. तिने फुग्यावर बोट ठेवलं आणि एक एक शब्द म्हटला. मग अंगणातली विस्कटलेली रांगोळी पाहिली.

"आली, बाबा," ती म्हणाली, आणि रांगोळी पुन्हा नीट करायला खाली बसली.